मुंडावळ्यांच्या क्रेटमधले चार डबे

वाईच्या दुकानातल्या मुलीचा फोन आला की शालन धुमाळ आधी हसायची. काय मागणार ते तिला ठाऊक असायचं.

"मावशी, पाच नंबरचे स्टीलचे डबे संपत आलेत म्हणे. आमच्यासाठी दोन खोकी आडोशाला ठेवा की."

"ठेवते बाई. तुझ्या साहेबाला सांग, मावशीनं ठेवल्यात म्हणून. चहा पाजंल तुला."

आणि ती ठेवायची. शिरवळच्या पुढं, हमरस्त्याला लागून असलेल्या 'मांडव'च्या गोदामात तिला सतरा वर्षं झाली होती. 'मांडव'ची दुकानं पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत एकशे चाळीस, शिवाय मोबाइलवर मागवलं की माल घरपोच. एखादी वस्तू कमी पडायला लागली की शालन दोनचार नग उचलायची आणि कुणी सहसा हात लावणार नाही अशा मालामागं सारून ठेवायची. खराट्यांच्या मागं अत्तराच्या बाटल्या, ताडपत्र्यांच्या मागं बिस्किटं. ज्याची खरी गरज त्याचा फोन आला की आडोशातनं काढायची, रीतसर बिल करायची आणि पाठवायची. गोदामातल्या सगळ्याच बायका हे करायच्या, पण शालनचा आडोसा सतरा वर्षांत कुणाला सापडला नव्हता.

त्याला कारणही तसंच होतं. गोदामाच्या मधोमध एक पिवळी रेघ होती. रेघेच्या अलीकडचा माल दुकानांचा, पलीकडचा मोबाइलवाल्यांचा. फलटणच्या दुकानात साबण संपलेला असायचा, रेघेपलीकडं साबणाची रास पडलेली असायची, आणि रेघ ओलांडायला तीन साहेबांच्या सह्या लागायच्या. आडोसा ही त्या दुखण्यावर बायकांनी काढलेली मात्रा होती.

मग त्या साली एप्रिलात पिवळी रेघ पुसली गेली. बहुतेक रॅक उपसून काढले आणि त्यांच्या जागी जाळी उभी राहिली.

जाळीचा इंजिनिअर तौफिक बागवान, साताऱ्याचा. तिशीतला, बोलायला मऊ. त्यानं सगळ्या बायकांना खाली सतरंजीवर बसवलं आणि स्वतःही मांडी घालून बसला.

"मावशी, असं समजा, शेजारी शेजारी बारा हजार चौकोनी विहिरी आहेत. एकेका विहिरीत सोळा क्रेट, एकावर एक. मधे बोळ नाही, वाट नाही, माणसाला पाय ठेवायलाही जागा नाही. विहिरींच्या तोंडावर रूळ टाकलेत. रुळांवर छोट्या गाड्या पळतात. हवा तो क्रेट गाडी वर ओढते आणि तुमच्या खिडकीपाशी आणून ठेवते. तुम्ही वस्तू काढायची आणि पिशवीत टाकायची. पिशवी दुकानाला चाललीय की कुणाच्या घरी, ते तुम्ही बघायचं नाही. आता माल सगळा एकच."

"आन् तळाचा क्रेट पायजे असला तर?" छबू गायकवाडनं विचारलं. छबू शालनच्या शेजारी बारा वर्षं उभी राहून माल भरत होती.

"वरचे पंधरा उपसते, तो काढते, पंधरा परत आत सोडते. काढलेला वर राहतो. असं रोज चाललं की काय होतं सांगा? जे लागतं ते वर येतं. जे कुणी मागत नाही ते आपोआप तळाला जातं. मांडणी कुणी करायचीच नाही, मागणीच करते."

"नांदायला नको असलेल्या सुनंगत," छबू म्हणाली. "सरकत सरकत चुलीमागं."

बायका हसल्या. बागवानही हसला. त्या काळ्या गाड्यांना बायकांनी त्याच दिवशी नाव पाडलं, मुंगळे.

बागवाननं आणखी एक गोष्ट सांगितली होती. यंत्रणेला नऊ लाख घरांची सवय ठाऊक आहे. ज्या घरी एखादी वस्तू न चुकता जाते आणि जिच्यावाचून त्या घराचं अडेल, ती वस्तू कमी पडायची चिन्हं दिसली तर यंत्रणा सगळ्यांत आधी त्या घरासाठी राखून ठेवते. दुकानं त्यानंतर.

शालननं ते ऐकलं. ऐकलंच नसतं तर एक वेळ बरं. पण तिनं नीट ऐकलं आणि मनाशी म्हणाली, बघू. कारण चाचणीच्या आठवड्यात याच यंत्रणेनं महाबळेश्वरला दोनशे पंखे पाठवले होते आणि माणदेशातल्या म्हसवडला चारशे रेनकोट. ते यंत्र कुणाच्या पोराचं काय अडलंय ते जाणणार, यावर विश्वास ठेवायला ती काही कालची नव्हती.

आणि तिच्या घरचंच एक पोर होतं, ज्याचं अडत होतं.

ओजल ही शालनच्या लेकीची लेक, सात वर्षांची. लेक ऋतुजा भोरला दिलेली, जावई संकेत खोपडे टेम्पो चालवायचा. ओजल आठ दिवसांची असताना दूध ओढेनाशी झाली, मान टाकायला लागली, आणि तिच्या लंगोटांना गुऱ्हाळात काकवीला येतो तसा वास यायला लागला. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, पोर गोड आहे. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तो वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी तेव्हा सांगितलेलं शालनला पाठ होतं. डाळीत, दुधात, अंड्यात प्रथिनं असतात. पोटात गेली की त्यांचे बारीक तुकडे होतात. त्यांतल्या तीन तुकड्यांचं पुढं काय करायचं हे ओजलच्या शरीराला येत नाही. ते साचतात, रक्तातनं मेंदूत चढतात आणि तिथं विष होतात. म्हणून तिला डाळ नाही, दूध नाही, भाकरी मोजून. बाकीचं पोषण एका पावडरीतनं, जिच्यात नेमके ते तीन तुकडे वगळलेले असतात. पावडर थांबली आणि वर ताप आला, की शरीर स्वतःचंच मांस मोडून खायला लागतं. मग विष बाहेरनं यावं लागत नाही.

"आजी, पावडर हे तिचं औषध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "जेवण आहे. ते चुकायला नको."

सात वर्षं ते चुकलं नव्हतं. निळ्या झाकणाचा डबा, परदेशातनं बोटीनं यायचा. एक डबा दहा दिवस. गोदामात काम करणाऱ्यांना तो अर्ध्या किमतीत मिळायचा, म्हणून तर खोपड्यांना तो परवडायचा. शालननं गुडघे दुखत असतानाही नोकरी सोडली नव्हती ती एवढ्याचसाठी.

जूनमधल्या एका रविवारी ती भोरला गेली, तेव्हा ओजल तिचं नारिंगी जाकीट अंगात घालून घरभर फिरत होती. जाकीट तिच्या घोट्यापर्यंत येत होतं.

"आज्जी, मुंगळे चावतात का गं?"

"न्हाई. वजं वढत्यात."

"मग त्यांना साखर देता का?"

"वीज देत्यात."

"शी," ओजल म्हणाली. "विजेपेक्षा माझी पावडर बरी."

मग नाक दाबून तिनं पेला रिकामा केला, जीभ बाहेर काढून दाखवली आणि पाणी प्यायली. तिच्या वाढदिवसाला केक नसायचा. ऋतुजा कलिंगडावर मेणबत्त्या लावायची, आणि गल्लीतली पोरं आता आपापल्या घरी कलिंगडच मागायला लागली होती.

"पोरीनं सगळ्या आळीला नादाला लावलंय," संकेत म्हणाला. "बेकरीवाला मला रस्त्यात धरून मारणार आहे एक दिवस."

त्यानंतरच्याच आठवड्यात गोदामात पाटी लागली. बोटी वाटेत अडकल्या होत्या. परदेशी मालाच्या यादीत निळ्या झाकणाची पावडर होती. आलेत ते नऊ डबे, पुढचा माल दीड महिन्यानं. एका घराला एका वेळी एकच डबा.

तो शनिवार जाळी भरायचा शेवटचा दिवस होता. सोमवारपासून ती सुरू व्हायची आणि आत माणसाला मज्जाव. बायका रॅकवरचा उरलासुरला माल क्रेटमध्ये ओतत होत्या, आत काय भरलं ते नोंदायला क्रेटवरच्या खुणेला हातातलं यंत्र लावत होत्या आणि क्रेट पट्ट्यावर सोडत होत्या. एरवी क्रेटचं वजन तपासलं जायचं. पण भरणी वेळेत संपेना, म्हणून बागवाननं तेवढी तपासणी दोन दिवस बंद ठेवली होती.

नऊ डबे शालनच्या हातात आले.

तिनं विचार केला. सोमवारी पुण्यातलं कुणीतरी अंथरुणात पडल्या पडल्या बोट दाबील आणि हे डबे घेऊन जाईल. व्यायामशाळेत जाणारी पोरं असल्या पावडरी पितात, तिनं बघितलं होतं. यंत्राला काय, दोघंही गिऱ्हाइकच. तिनं पाच डबे त्यांच्या क्रेटमध्ये ठेवले. उरलेले चार हातात धरून ती इकडंतिकडं बघायला लागली. समोर मुंडावळ्यांचे क्रेट भरायला आले होते. आषाढ तोंडावर होता. आता तुळशीच्या लग्नापर्यंत महाराष्ट्रात कुणी मुंडावळ्या विकत घेणार नव्हतं. इतका चांगला आडोसा तिला सतरा वर्षांत मिळाला नव्हता.

"काय करतीस गं?" छबूनं विचारलं.

"आडोसा."

"शेवटचा?"

"शेवटचा."

छबू पाठ करून उभी राहिली, म्हणजे कॅमेऱ्याला दिसू नये. शालननं मोत्यांच्या माळांखाली चार डबे सारले आणि क्रेट पट्ट्यावर सोडला. दर दहा दिवसांनी खिडकीपाशी मुंडावळ्या मागवायच्या, एक डबा काढायचा, ऋतुजाच्या नावावर बिल करायचं. एवढा सोपा बेत होता.

त्या दुपारीच तिनं लेकीला फोन केला. "डबं कमी पडणार हायती असं ऐकशील. जिवाला घोर लावून घेऊ नकोस. माझ्यापाशी चार हायत."

ऋतुजानं सुटकेचा श्वास सोडला तो तिला ऐकू आला.

तीन दिवसांनी ऋतुजाचा फोन आला. "आई, पुण्याच्या हॉस्पिटलातून फोन आला होता. त्यांच्याकडं देणगीतले दोन डबे होते, ओजलसाठी ठेवू का म्हणाले. मी सांगितलं, आमची सोय झालीय, दुसऱ्या कुणाच्या बाळाला द्या. बरं केलं ना?"

"बरं केलंस," शालन म्हणाली. लेकीचा तिला अभिमान वाटला.

जाळी सुरू झाली. तीनशे दहा माणसांतली बेचाळीस ठेवली, त्यांत शालन होती, छबू नव्हती. ठेवलेल्यांना एक कागद वाचून दाखवला. चुकीच्या क्रेटमध्ये माल ठेवताना सापडेल त्याला त्याच दिवशी काढलं जाईल. शालननंही त्यावर सही केली.

ओजलला यंत्रणेकडनं एक डबा गेला. घरात एक होता. वीस दिवस सरत आले तेव्हा शालननं मोबाइलवर मुंडावळ्यांचा एक जोड मागवला आणि आपल्या खिडकीपाशी डोळे लावून उभी राहिली. क्रेट आला नाही. संध्याकाळी ती घरी पोचते तो दारात पोरगा पिशवी घेऊन उभा.

"मावशी, आषाढात कुणाचं लगीन काढलंय?"

शिरवळच्या दुकानात फळीवर एक जोड शिल्लक होता. यंत्रणेनं तोच पाठवला होता. माल आता सगळा एकच होता, दुकानातलाही आणि जाळीतलाही. जवळ असताना ती लांबचा कशाला उपसेल?

दुसऱ्या दिवशी शालननं वीस जोड मागवले. ते भोर, वाई आणि लोणंदच्या दुकानांतनं गोळा होऊन आले. तिसऱ्या दिवशी दोनशे. तेव्हा कुठं जाळी हलली, खिडकीपाशी मुंडावळ्यांचा क्रेट आला. शालननं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. नुसत्या माळा. दुसरा क्रेट आला, नुसत्या माळा. दोनशे भरले आणि क्रेट यायचे थांबले. मोबाइलवर यंत्रणेनं तिला विचारलं होतं, लग्नघर दिसतंय, हळदीचं सामानही पाठवू का? आणखी मागवायला तिच्याकडं पैसे उरले नव्हते.

तिचा क्रेट कुठल्यातरी विहिरीच्या तळाशी होता. कुणी मागत नव्हतं म्हणून तो खाली गेला होता, आणि खाली होता म्हणून यंत्रणा त्याच्याआधी वरचे काढत होती.

घरातली पावडर संपायला आली तेव्हा ऋतुजानं पेल्यातला चमचा अर्ध्यावर आणला. "आई, कधी आणतेस?"

"उद्या."

"काल पण उद्याच म्हणालीस."

"आणते गं. मशीनमधी अडकल्यात. निघतील."

बागवानला सांगावं असं तिच्या चारदा मनात आलं. पण सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर अर्ध्या किमतीतली पावडर कायमची जाणार. आजचे चार डबे वाचवायला जन्माचे डबे घालवायचे काय? असा तिचा हिशेब होता, आणि त्या हिशेबात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी संकेतचा फोन आला. ओजलला ताप होता. ती झोपेतनं नीट उठत नव्हती, आणि अंथरुणाला काकवीचा वास येत होता. तो तिला टेम्पोत घालून पुण्याला निघाला होता.

"सासूबाई, डबे घेऊन थेट हॉस्पिटलात या," तो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

शालन खिडकी सोडून बागवानच्या काचेच्या खोलीत गेली. तिनं सगळं सांगितलं. तोवर त्यानं पडद्यावर मुंडावळ्यांचे क्रेट शोधले होते.

"मावशी, मुंडावळ्यांचे एकतीस क्रेट आहेत," शेवटी तो म्हणाला. "त्यातला कुठला?"

"ते न्हाई ठाऊक."

"वजनावरून कळेल. मोत्यांच्या माळा हलक्या, डबे जड. पण मुंगळ्याला वजन कळतं ते क्रेट उचलल्यावर. म्हणजे एकेक विहीर उपसावी लागणार." तो उठला. "सगळे मुंगळे त्याच कामाला लावावे लागतील."

"मग लाव की बाबा."

"म्हणजे एकशे चाळीस दुकानांचा माल थांबवायचा." हे तो तिला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता. मग त्यानं थांबवला.

सकाळचे अकरा वाजले होते. मुंगळे एका जागी गोळा झाले आणि विहिरी उपसायला लागले. पंधरा क्रेट वर, सोळावा उचलायचा, हलका, परत सोडायचा. टेबलावरचा फोन वाजायला लागला तो थांबेना. बागवाननं दोनदा उचलला, "हो साहेब, मीच थांबवलंय" म्हणाला, नंतर उचलणं बंद केलं. शालन काचेला कपाळ लावून उभी होती. सातवा, बारावा, पंधरावा. त्या विहिरींत एक पाऊल टाकता आलं असतं तर ती चवड्यावर चालत गेली असती, इतक्या त्या जवळ होत्या.

एकोणिसावा क्रेट जड निघाला. तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती.

शालन डबे पिशवीत भरत होती तेव्हा बागवान पडद्यासमोर बसून काहीतरी शोधत होता. ते सापडलं तसा त्याचा हात थांबला. पडदा त्यानं घाईनं दुसरीकडं वळवला.

"काय हाय?" शालननं विचारलं.

"काही नाही मावशी. तुम्ही निघा. माझी गाडी घेऊन जा, ड्रायव्हर आहे."

"काय हाय ते दाव."

त्यानं दाखवलं. नऊ डबे दारात उतरले त्याच मिनिटाला यंत्रणेनं त्यांची वाटणी केली होती. पाच डबे, ही पावडर लागणाऱ्या बाकीच्या चार घरांना. चार डबे, ओजल संकेत खोपडे, भोर. चारही डब्यांपुढं ते दारात कधी पोचवायचे त्या तारखा होत्या. दोन तर उलटून गेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, राखीव, इतर कुणाला देऊ नये.

"मग दिलं का न्हाईत?"

बागवान खाली बघत म्हणाला, "जाळीत पाचच भरले गेले ना मावशी. चार हरवले, असं यंत्रणेनं धरलं. मग पाच घरांना एकेक वाटला. तूट आल्याचा इशाराही दिला होता. पहिल्या आठवड्यात असे अकरा हजार इशारे आले होते. मी वाचला नाही."

बाकीच्या चार घरांनी मुंबई, हैदराबाद पालथं घालून डबे मिळवले होते. त्यांना कुणी काळजी करू नका असं सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी डबे हातात घेतले आणि बाजूच्या टेबलावर ठेवले. आता तोंडानं देण्यासारखं राहिलं नव्हतं. ओजलचं रक्त एका यंत्रातनं धुतलं जात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शालन तेव्हा बाहेर बाकावर होती. ऋतुजा आतनं आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"आई, ते दोन डबे मी परत पाठवले," ती म्हणत होती. "मी परत पाठवले गं."

शालन तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

पुढच्या आठवड्यात सगळीकडं एकच बोललं जात होतं. यंत्रानं पोर मारली. डबे आत असताना यंत्रानं दिले नाहीत. कामावरनं काढलेल्या बायका ओजलचा फोटो घेऊन गोदामाच्या गेटसमोर बसल्या, पुढं छबू. कंपनीनं बागवानला घरी बसवलं, वजनाची तपासणी त्यानं बंद केली होती म्हणून आणि दुकानांचा माल थांबवला म्हणूनही. पोलिसांत तक्रार द्यायची ठरली. तक्रार ऋतुजाच्या सहीनं जायची होती.

तेराव्याच्या आदल्या दिवशी छबू शालनकडं आली. आडोसा तिला ठाऊक होता. वाटणीचं ठाऊक नव्हतं. शालननं तिला ते सांगितलं.

छबूनं दाराकडं बघून घेतलं. मग म्हणाली, "हे कुणाला कळलंय?"

"त्या पोराला, मला, आन् आता तुला."

"मग तिघांतच राहू दे. तो बोलायचा न्हाई, त्यानं तुझं नाव वर दिलेलं न्हाई. शाले, गेटवर अडीचशे बाया बसल्यात. उद्या हे बाहेर आलं तर त्या उठून कुठं जातील? पोर काय माघारी येणार हाय?"

"न्हाई येणार."

"मग?"

"ऋतू म्हणती, तिनं परत पाठवलेल्या डब्यांनी पोर गेली. रोज म्हणती."

छबू उठली. दारापर्यंत जाऊन थांबली. "तू बोललीस तर लेक बी जाईल बघ," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात धमकी नव्हती.

तेरावं झालं. पाहुणे गेले. संकेत ताडपत्री परत करायला गेला होता. ऋतुजा मागच्या अंगणात भांडी घासून विसळत होती. भर दुपार होती. शालन तिच्याजवळ उकिडवी बसली आणि तिनं पहिल्यापासनं सांगितलं. पिवळ्या रेघेपासनं, मुंडावळ्यांपासनं, पडद्यावरच्या तारखांपर्यंत. तीन दिवस नोकरीच्या भीतीनं गप्प बसली तेही तिनं सांगितलं. स्वतःच्या बाजूनं एक शब्द घातला नाही.

ऋतुजाचा हात पातेल्यात तसाच राहिला.

"म्हणजे आले असते," ती म्हणाली.

"आलं असतं."

"दारात."

"दारात. तू काय करायची गरज नव्हती. मी बी न्हाई."

"आणि हॉस्पिटलचे दोन लागलेच नसते."

"लागलं नसतं. ते तू दिलंस ते चांगलंच केलंस. त्यात तुझं काय चुकलं न्हाई. ते तुला कळावं म्हणून आले."

ऋतुजानं पातेलं पालथं घातलं. दुसरं उचललं, ते घासलेलंच होतं, तरी परत घासायला लागली.

"का सांगितलंस?" मग ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मशीनवर राग धरला होता मी. सकाळी उठले की तेवढं एक काम होतं. तो धरून मी जगले असते. आता कुणावर धरू?"

"माझ्यावर धर," शालन म्हणाली. "मी हाय अजून."

ऋतुजानं तिच्याकडं बघितलं. लहानपणी तापातनं उठल्यावर बघायची तसं, ओळख पटायला वेळ लागल्यासारखं. मग तिनं विसळलेली भांडी टोपलीत भरली, टोपली कमरेवर घेतली आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही. आत ये, असंही ती म्हणाली नाही.

संध्याकाळी संकेत परतला तेव्हा सासू मागच्या अंगणात तशीच बसलेली त्याला दिसली. आत ऋतुजानं ताटं घेतली होती. मोजून तीन. तिसरं ताट मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी, आईच्या हाताला येईल असं ठेवून ती पाठमोरी बसली होती, आणि काही झालं तरी मागं वळून बघत नव्हती.